व्यक्ताकडून अव्यक्ताकडे

गाणगापूर ज्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट आहे. नवव्या शतकात, अमोघवर्षाच्या राजवटीत, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात मूलभूत परिकर्मांनंतर अपूर्णांकांचा सविस्तर विचार येतो; त्रैराशिक त्यानंतर. हा क्रम आजही मार्गदर्शक आहे.

महाविद्यालयात आलेला विद्यार्थी बीजगणितात अडखळतो, तो बहुधा अक्षरांमुळे नव्हे, तर अपूर्णांक कच्चे राहिल्यामुळे. १/२ + १/३ = २/५ असे मानणारा मुलगा १/क्ष + १/य = २/(क्ष + य) असेच लिहिणार. त्याला सूत्र पाठ करावयास सांगून उपयोग नाही. अर्ध्या भाकरीत आणखी एक तृतीयांश भाकरी मिळविली, तर बेरीज अर्धीहून कमी कशी होईल, एवढेच विचारावे. छेद समान केल्यावर ३/६ + २/६ = ५/६ हे त्याचे त्यालाच उमगते.

भास्कराचार्यांच्या परंपरेत अंकगणित ‘व्यक्त’ आणि बीजगणित ‘अव्यक्त’ म्हणविले जाते. अव्यक्ताची प्रत्येक पायरी व्यक्त संख्या घालून पडताळावी आणि समीकरणाचा अर्थ प्रथम मातृभाषेत सांगावा. शाळेत मराठी वा कन्नड आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा दुहेरी ओझ्याखालील मुलांना हे विशेष आवश्यक आहे. अन्यथा भाषेचा अडसर बुद्धीची उणीव समजला जातो आणि होतकरू विद्यार्थी विज्ञानाला कायमचा मुकतो.