मुलाची वाढ आणि मोहल्ल्याचा नळ

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळा म्हणजे पाण्याचा हिशेब. नळाला काही दिवसांआड पाणी येते, गावोगावी टँकर फिरतात. पाणी पिंपात आणि हौदात साठवावे लागते. ज्या मोहल्ल्यात नळ पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला आणि दारासमोर उघडे गटार, तिथे हेच पाणी लेकरांना जुलाब देते.

वारंवार जुलाब झाले की आतड्याचे अस्तर कमकुवत होते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. पहिल्या दोन वर्षांत खुंटलेली उंची पुढे सहसा भरून निघत नाही. बोल मात्र अम्मीलाच लागतो की, ‘नीट खाऊ घालत नाही.’

सच्चर समितीने 2006 मध्ये नोंदवले की सुरक्षिततेच्या भीतीने मुस्लिम एकत्र वस्ती करतात आणि मग पाणी, सांडपाणी, दवाखाना, अंगणवाडी यांबाबत त्याच वस्त्यांकडे दुर्लक्ष होते. याच अहवालात एक उजळ बाजूही आहे: मुस्लिम बालमृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी. जेरुसो आणि स्पिअर्स या अभ्यासकांनी 2018 मध्ये याचे मोठे कारण दाखवले, ते म्हणजे शौचालयाचा वापर, आपला आणि शेजाऱ्यांचाही. म्हणजे आपली तहारत शेजारच्या बाळालाही जपते, मग ते कोणत्याही धर्माचे असो. पण घरची पाकी उंबऱ्यापर्यंतच पुरते. गटार आणि पाइपलाइन हे नगरपालिकेचे, ग्रामपंचायतीचे काम आहे.

2018 मध्ये केंद्राने आपला जिल्हा ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत घेतला. त्यात आरोग्य आणि पोषणाला 30 टक्के महत्त्व आहे. मात्र जिल्ह्याची सरासरी सुधारली तरी एखादा मोहल्ला मागेच राहू शकतो. म्हणून मागणी आपणच करायला हवी.

सर्वोच्च न्यायालयाच्या 13 डिसेंबर 2006 च्या आदेशानुसार, सहा वर्षांखालची किमान 40 मुले असलेल्या पण अंगणवाडी नसलेल्या खेड्यातील वा झोपडपट्टीतील वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी मिळायला हवी. जुम्म्यानंतर मशिदीच्या कमिटीने आणि मोहल्ल्यातील बहिणींनी मुलांची यादी करावी, बालविकास प्रकल्प कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच जपून ठेवावी. गटाराचा आणि नळाचा अर्जही असाच लेखी द्यावा.

तोवर घरी पाणी उकळून प्यावे. जुलाब झाल्यास लगेच ओआरएस सुरू करावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक 14 दिवस द्यावे, जुलाब थांबले तरी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंमीपेक्षा कमी भरला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.