दुखणं दोन ठिकाणी अडवायचं

पोटाचं ऑपरेशन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सिस्टर येतात आणि म्हणतात, "उशी पोटाशी धरा आणि जोरात खोका." पेशंटच्या डोळ्यांत पाणी येतं. पण खोकला दाबून ठेवला तर छातीत कफ साठतो, न्यूमोनियाची भीती वाढते. हलायचं टाळून पडून राहिलं तर पायांच्या शिरांत गुठळ्या होऊ शकतात. म्हणून ऑपरेशननंतर दात आवळून दुखणं सोसण्यात काहीच शहाणपण नाही.

अशा वेळी मॉर्फिन हाताशी असतं. अफूपासून मिळणारं हे औषध मेंदूत आणि मज्जारज्जूत वेदनेचा निरोप अडवतं. पडून असताना त्याने चांगला आराम पडतो. खोकताना, कूस बदलताना उठणारी कळ मात्र त्याला तितकी आवरत नाही. डोस वाढवत नेला तर मळमळ, बद्धकोष्ठता, गुंगी येते आणि फारच झाला तर श्वास मंदावतो. शिवाय जखमेची सूज जिथल्या तिथेच राहते.

खरी गोम त्या सुजेत आहे. कापल्या गेलेल्या ऊतींमध्ये कॉक्स नावाचं विकर प्रोस्टाग्लँडिन ही रसायनं तयार करतं. त्यांनी मज्जातंतूंची टोकं इतकी हळवी होतात, की नुसत्या हालचालीनेही जखम ठणकते. ॲस्पिरिनसारखी औषधं नेमकं हेच थांबवतात, हे ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी १९७१मध्ये दाखवलं. १९८२च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, केटोरोलॅक याच घराण्यातली.

मग मॉर्फिन आणि ही दाहशामकं एकत्र का देऊ नयेत? डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९३मध्ये हा विचार ठामपणे मांडला. दाहशामक जोडीला असलं की मॉर्फिन बरंच कमी लागतं, उलट्या आणि गुंगीही घटते, हे पुढे अनेक चाचण्यांत दिसलं.

या वाटचालीत एक लाजिरवाणं प्रकरणही घडलं. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ स्कॉट रूबेन यांनी अशाच औषधांवरच्या २१ शोधनिबंधांत खोटी माहिती वापरल्याचं २००९मध्ये उघड झालं, आणि पुढे त्यांना तुरुंगात जावं लागलं. तरी मूळ विचार टिकला, कारण तो इतर कितीतरी जणांच्या प्रामाणिक कामावर उभा होता. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर जपतात, किडनीचा रक्तपुरवठाही सांभाळतात. म्हणूनच दाहशामकं बेताने द्यावी लागतात. केटोरोलॅक तर पाच दिवसांपलीकडे देत नाहीत. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा किडनीचा त्रास, अल्सर, दमा किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आवर्जून सांगा. घरी आल्यावर मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणखी एक वेदनाशामक आणू नका. एकाच घराण्यातल्या दोन गोळ्यांनी आराम दुप्पट होत नाही, पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका मात्र वाढतो.