प्रकाशाने जागा होणारा लेप

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत इल्मेनाइट नावाचे खनिज आहे. अशाच खनिजापासून टायटॅनियम डायऑक्साइड बनते, आणि ही शुभ्र भुकटी आपल्या भिंतींच्या रंगात कित्येक वर्षे मुकाट बसलेली आहे. तिचा एक अंगभूत गुण 1967 साली टोकियो विद्यापीठातील अकिरा फुजिशिमा या तरुण विद्यार्थ्याच्या ध्यानी आला. पाण्यात बुडविलेल्या या द्रव्याच्या स्फटिकावर प्रखर प्रकाश पडताच पाण्याचे विघटन होऊ लागले. गुरू केनिची होंडा यांच्यासह लिहिलेला त्याचा निबंध 1972 मध्ये ‘नेचर’ने प्रसिद्ध केला. विषाणूंचा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नसावा.

अतिनील किरणांचा आघात होताच या द्रव्यातील इलेक्ट्रॉन आपले स्थान सोडतो व मागे पोकळी राहते. पोकळी पृष्ठभागावरील बाष्पावर, तर सुटलेला इलेक्ट्रॉन हवेतील प्राणवायूवर क्रिया करतो. त्यातून अत्यंत आक्रमक असे कण जन्मतात. त्यांतील हायड्रॉक्सिल तर निमिषार्धही टिकत नाही. पण तेवढ्यात चिकटलेल्या विषाणूचे प्रथिनांचे कवच आणि असल्यास स्निग्ध वेष्टन ते फोडून टाकते. पुढे आतील जनुकद्रव्याचीही शकले होतात. कवच भंगलेल्या विषाणूला पेशीत शिरता येत नाही. लेप मात्र या व्यवहारात खर्ची पडत नाही, म्हणूनच तो उत्प्रेरक!

2020 च्या साथीत अशा लेपांचा मोठा गाजावाजा झाला. आमचा आक्षेप विज्ञानाला नाही, विक्रेत्यांच्या अर्धसत्याला आहे. साध्या लेपाला सुमारे 387 नॅनोमीटरहून आखूड लहरी लागतात, आणि कचेरीतील एलईडी दिव्यांत त्या जवळजवळ नसतातच. नत्राची जोड देऊन दृश्य प्रकाशातही चालणारे द्रव्य जपानी संशोधकांनी 2001 मध्ये सिद्ध केले, हे खरे. परंतु डब्यावर कोणते द्रव्य आहे हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार? शिवाय क्रिया मंद असते. वर धुळीचा वा घामाच्या तेलकटपणाचा थर बसला की तीही खुंटते. आणि गच्च भरलेल्या बसमध्ये शेजाऱ्याच्या श्वासातून येणारा विषाणू भिंतीला शिवतसुद्धा नाही.

2014 पासून यासाठी आंतरराष्ट्रीय मानकाची कसोटी उपलब्ध आहे. तीत जीवाणूंनाच बाधणारा क्यू-बीटा नावाचा विषाणू वापरतात. जनतेच्या पैशाने इस्पितळाच्या वा शाळेच्या भिंती लेपण्यापूर्वी, कोणत्या दिव्याखाली, किती तासांत, किती विषाणू निकामी झाले, याचा लेखी दाखला अधिकाऱ्यांनी विक्रेत्याकडून मागून घ्यावा.