लोणचे वर्षभर, चटणी एक दिवस!

तुमच्या घरच्या फडताळात डोकावून पाहा. कैरीच्या लोणच्याची बरणी गेल्या उन्हाळ्यापासून तेथे आहे आणि लोणचे अजून चांगले आहे. शेजारच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी किंवा मेतकूट असेल. तेही पंधरा-वीस दिवस सहज टिकते. पण सकाळी वाटलेली कोथिंबिरीची हिरवी चटणी? ती संध्याकाळी आंबूस लागते आणि दुसऱ्या दिवशी टाकूनच द्यावी लागते. तिन्ही पदार्थ एकाच स्वयंपाकघरात, एकाच हातांनी केलेले. मग त्यांच्या आयुष्यात एवढा फरक का?

तुम्ही म्हणाल, "हिरव्या चटणीत पाणी असते म्हणून." उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. कारण लोणच्याच्या खारातही पाणी असतेच की! चमचा बुडवला तर ओला होतो. मग तेथे सूक्ष्मजंतू का वाढत नाहीत? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपण मिठाच्या जन्मस्थानी जाऊ.

माहुलच्या खाडीकाठी

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, चेंबूरच्या पलीकडे माहुल हे जुने गाव आहे. १९५४ आणि १९५५ साली या परिसरात दोन मोठे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि गावाचे रूप पालटले. तरी खाडी, चिखलाचे किनारे, हिवाळ्यात येणारे रोहित पक्षी आणि कोळीवाडा ही माहुलची ओळख कायम आहे. याच पूर्व किनाऱ्यावर वडाळ्यापासून मुलुंडपर्यंत जागोजाग मिठागरे पसरलेली होती. आज त्यांतली बहुतेक ओस पडली आहेत.

मिठागराचे काम पावसाळा संपल्यावर सुरू होते. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत घेतात आणि ऊन-वारा त्यातले पाणी उडवून नेतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सर्व क्षार मिळून सुमारे ३५ ग्रॅम असतात. पाणी आटून मूळच्या एक-दशांशाच्या आसपास उरले की मिठाचे खडे पडू लागतात. कारण १०० ग्रॅम पाण्यात नेहमीच्या तापमानाला सुमारे ३६ ग्रॅमच मीठ विरघळू शकते. अशा द्रावणाला संपृक्त द्रावण म्हणतात.

आता गंमत पाहा. ज्या मिठातून एवढे कष्ट करून पाणी घालवले, ते मीठ पावसाळ्यात फडताळातल्या डब्यात पुन्हा ओले होते. हे पाणी आले कोठून?

मीठ ओले का होते?

बंद बरणीत थोडे पाणी ठेवा. पाण्याचे काही रेणू सतत हवेत उडत असतात आणि हवेतले काही रेणू पाण्यात परतत असतात. काही वेळाने जाणारे आणि येणारे रेणू सारखे होतात. तेव्हा हवेत मावेल तेवढी वाफ असते, म्हणजेच सापेक्ष आर्द्रता १०० टक्के असते.

आता पाण्याऐवजी मिठाचे संपृक्त द्रावण ठेवा. येथे मिठाच्या कणांनी पाण्याच्या रेणूंना आपल्याभोवती खिळवून ठेवलेले असते, त्यामुळे कमी रेणू उडतात. बरणीतील हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर थांबते. हा ७५ चा आकडा लक्षात ठेवा.

बाहेरची हवा ७५ टक्क्यांहून दमट असेल, तर मीठ हवेतून पाणी ओढून घेते. कोरडी असेल, तर ओले मीठही वाळते. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. मग मिठाला पाणी सुटले तर नवल काय? उलट एप्रिलमध्ये सोलापूरला हेच मीठ वाळूसारखे भुरभुरते.

जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा थोडा अंश असतो. त्याला तर ३३ टक्के आर्द्रताही पुरते. म्हणून जाडे मीठ मुंबईत जवळजवळ बारा महिने दमट असते. लोणच्यासाठी मीठ आधी कढईत भाजून घ्यायचे, ही आजीची रीत किती शास्त्रीय आहे ते आता कळले ना?

पाणी आहे, पण मोकळे नाही

सूक्ष्मजंतूंनाही जगायला पाणी लागते. पण पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा मोकळे पाणी किती, हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ साली एका रोगकारक जंतूवर प्रयोग करून हे दाखवून दिले. या मोकळेपणाला जल-क्रियाशीलता म्हणतात. तो मोजायची रीत आपण वर पाहिलेलीच आहे: पदार्थ बंद डब्यात ठेवायचा आणि वरच्या हवेची आर्द्रता किती टक्क्यांवर थांबते ते पाहायचे.

हिरव्या चटणीवरची हवा ९८ टक्क्यांच्या आसपास थांबते. बहुतेक जीवाणूंना निदान ९० टक्के लागतात. स्कॉट यांनी ज्याचा अभ्यास केला तो चिवट जंतू ८६ टक्क्यांपर्यंत तग धरतो. बहुतेक बुरशा ८० च्या खाली थांबतात, काही हट्टी बुरशा ७० च्याही थोड्या खाली जातात. पण ६० च्या खाली कोणाचेच काही चालत नाही.

असे का होते? जंतूच्या पेशीचे पातळ आवरण पाण्याला ये-जा करू देते, मिठाला सहसा नाही. बाहेर खारट पाणी असले की पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते. हेच परासरण. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावताच पाणी सुटते तेही यामुळेच. माहुलच्या कोळीवाड्यात वाळत घातलेल्या बोंबलांनाही नियम हाच: पाणी कमी करा, नाहीतर बांधून टाका.

मोरंब्यात हे काम साखर करते. पण साखर फार लागते. १०० ग्रॅम पाण्यात तब्बल २०० ग्रॅम साखर विरघळवली, तरी आकडा ८५ च्या आसपासच येतो. मीठ मात्र ३६ ग्रॅममध्ये ७५ वर आणते! येथे वजनाला महत्त्व नसून कणांच्या संख्येला आहे. साखरेचा रेणू मिठाच्या मानाने जवळजवळ सहापट जड असतो. शिवाय मीठ विरघळले की त्याचे दोन-दोन आयन सुटे होतात. म्हणून थोड्या मिठात कितीतरी जास्त कण मिळतात.

कैरीच्या लोणच्याचा हिशेब

एक किलो कैरीच्या फोडींना आपल्याकडे साधारणपणे २०० ग्रॅम मीठ घालतात. कैरीत सुमारे ८५ टक्के पाणी असते, म्हणजे ८५० ग्रॅम. १०० ग्रॅम पाण्याला मीठ पडले २३ ग्रॅमच्या थोडे वर. एवढ्या मिठाने आकडा ८५ च्या जवळ येतो. तो चिवट जंतू ८६ ला थांबत होता, आठवते ना? आपल्या पूर्वजांकडे कोणतेही उपकरण नव्हते. पण पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने त्यांनी नेमके प्रमाण गाठले!

समजा, "खारट नको" म्हणून कोणी ५० ग्रॅमच मीठ घातले. तर आकडा ९७ च्या आसपास राहील आणि जंतूंना मेजवानी मिळेल. कमी मिठाचे लोणचे खुशाल करावे, पण ते थोडे करावे, शीतकपाटात ठेवावे आणि लवकर संपवावे.

८५ ला जीवाणू थांबले तरी बुरशी थांबत नाही. तिच्यासाठी तेल. बुरशीला हवा लागते. फोडींवर तेलाचा थर राहिला की हवा तुटते. कैरीचा आंबटपणा हा आणखी एक पहारेकरी. फोडणीचे तेल मात्र पूर्ण थंड करूनच ओतायचे. गरम तेलाने वाफ उठते, ती झाकणाला लागून थिजते आणि तिचे थेंब परत बरणीत पडतात.

एका थेंबाने काय बिघडते? पाहा: खाराची घनता पाण्याहून जास्त, तेलाची कमी. ओल्या चमच्यावरचे पाणी तेलातून खाली जाते, पण खारात बुडत नाही. दोहोंच्या मध्ये पातळ थर करून राहते. मीठ आपोआप त्यात पसरते, पण अतिशय सावकाश. एक सेंटिमीटर अंतराला एक दिवसाच्या आसपास लागतो. तेवढ्या वेळात त्या अळणी थरात, चमच्याबरोबर आलेल्या जंतूंना घर मिळते. म्हणून चमचा कोरडा हवा आणि बरणी अधूनमधून हलवायला हवी.

तेल हा एकटा राखणदार मात्र पुरेसा नाही. १९८५ साली कॅनडातील व्हँकुव्हर शहरात, तेलात ठेवलेली चिरलेली लसूण खाऊन ३६ जणांना विषबाधा झाली. लसणीत पाणी होते, मीठ वा आंबटपणा पुरेसा नव्हता, आणि तेलाने हवा तोडली होती. हवेशिवायच वाढणाऱ्या एका जीवाणूला नेमके तेच हवे असते. कच्ची लसूण नुसत्या तेलात घालून कधीही बाहेर साठवू नये.

शेंगदाण्याच्या चटणीतली लसूण

आता कोरड्या चटणीचा हिशेब करू. १०० ग्रॅम भाजलेल्या शेंगदाण्यांत पाणी जेमतेम २ ग्रॅम असते. त्यात २५ ग्रॅम सोललेली लसूण, चवीपुरते तिखट-मीठ घालून आपण कुटतो. लसणीत सुमारे ६० टक्के पाणी, म्हणजे १५ ग्रॅम. एकूण १७ ग्रॅम पाणी सव्वाशे ग्रॅममध्ये, म्हणजे १३ टक्क्यांहून अधिक. शेंगदाणे साठवताना तर ओलावा ७ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो! "कोरडी" म्हणवणारी ही चटणी तेवढी कोरडी नाही. जास्त दिवस ठेवायची असेल, तर लसणीच्या चकत्या मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतून घ्याव्यात.

हा उपद्व्याप नुसत्या चवीसाठी नाही. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेता त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवर वाढलेल्या बुरशीचे विष सापडले. त्याला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. १९७४ साली आपल्या शेजारी, गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. भाजल्याने बुरशी मरते, पण तिचे विष पुरते नष्ट होत नाही. म्हणून काळपट, हिरवट, सुरकुतलेले किंवा कडू लागणारे दाणे निवडून टाकलेच पाहिजेत. चटणीच्या एका कोपऱ्यात बुरशी दिसली, तर तेवढा भाग काढून उरलेली खाऊ नये, सगळीच टाकावी.

ऊन नसेल तर?

वाळवण म्हटले की आपल्याला गच्ची आठवते. पण माहुलमध्ये आज दाटीने उभ्या असलेल्या इमारतींच्या खालच्या घरांत ऊन क्वचितच पोचते, आणि बाहेर वाळत घालावे तर धूर-धूळ बसते. तेथे काय करावे?

तव्याकडे वळावे. पावसाळ्यातली ३० अंश सेल्सियसची, ८० टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तीच हवा ६० अंशांपर्यंत तापली की तिच्यात जवळजवळ पाचपट वाफ मावू शकते आणि सापेक्ष आर्द्रता सुमारे १७ टक्क्यांवर येते. हवेतले पाणी तेवढेच, पण आता ती तहानलेली आहे! मंद आचेवरच्या तव्याभोवती सोलापूरच्या उन्हाहूनही कोरडी हवा तयार होते. मेतकुटासाठी हरभऱ्याची आणि उडदाची डाळ, तांदूळ, धणे, जिरे भाजतो तेव्हा हेच घडते. भाजलेले जिन्नस पसरून थंड करावेत आणि थंड होताच दळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावेत. गरम भरले तर वाफ थिजते. तासन् तास उघडे ठेवले तर दमट हवा गेलेले पाणी परत आणून देते.

करून पाहा

पावसाळ्यात तीन बशा घ्या. एकीत चमचाभर जाडे मीठ, दुसरीत बारीक मीठ, तिसरीत साखर ठेवा. शक्य असेल तर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर तिन्ही बशा रोज ठराविक वेळी तोला आणि आठवडाभर नोंदी ठेवा. वर्तमानपत्रातला त्या दिवशीचा आर्द्रतेचा आकडा शेजारी लिहा. कोणती बशी आधी ओली होते, कोणती शेवटी, आणि कोणत्या आर्द्रतेला? वर दिलेले ३३, ७५ आणि ८५ हे तीन आकडे तुमच्या वहीत कितपत उतरतात ते ताडून पाहा. आणि घरी पुढचे लोणचे घालायचा दिवस आला की मिठाचे वजन करण्याचे काम आईकडून मागून घ्या. हिशेब आता तुम्हांला येतोच आहे.