यवतमाळची उन्हाळी परसबाग : पेरणी माघात, फळे चैत्रात

यवतमाळ जिल्ह्यात परसबागेची उन्हाळी पेरणी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उरकावी लागते. वसंत ऋतू लागतो त्यानंतर, चैत्रात; पण तोवर उशीर झालेला असतो. एप्रिलमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि मे महिन्यात ४२ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. युरोप-अमेरिकेतला बागकाम करणारा माणूस वसंतात दहिवर गोठायचे थांबण्याची वाट पाहतो आणि मगच रोपे घराबाहेर काढतो. इथे वाट पाहून चालत नाही. म्हणून पेरणीचा दिवस ठरवताना बी कधी उगवेल यापेक्षा फूल कधी येईल, याचा हिशेब आधी करावा लागतो.

या दोन गोष्टींना लागणारी ऊब सारखी नसते, आणि सगळी अडचण तिथेच आहे. भेंडी, काकडी, दुधी यांच्या बियांना २५ ते ३५ अंश तापलेली माती आवडते; अशा मातीत भेंडी चार-सहा दिवसांत वर येते. माती १५-१६ अंशांच्या खाली असेल तर तेच बी पाणी पिऊन नुसते पडून राहते आणि बऱ्याचदा कुजते. उगवणीपुरते पाहिले तर मार्च महिना उत्तम. पण दुधीला फूल यायला साधारण चाळीस ते पंचेचाळीस दिवस लागतात. मार्चच्या मध्यावर पेरलेला वेल एप्रिल सरता सरता फुलतो, आणि तेव्हाचे ऊन फुलाला मानवत नाही. परागकण रुजेनासे होतात, स्त्रीकेसराचे टोक सुकते. त्यातच वेलवर्गीय पिकांत नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात. थंड हवा आणि लहान दिवस असले की मादी फुले वाढतात. उष्णता आणि मोठे दिवस नर फुलांच्या पथ्यावर पडतात. उशिरा पेरलेला मांडव फुलांनी भरून जातो, पण फळ धरत नाही, ते यामुळे.

मादी फूल ओळखणे सोपे आहे. पाकळ्यांच्या मागे सुपारीएवढा, लव असलेला इवलासा दुधी देठाला आधीच लागलेला असतो. नर फुलाच्या मागे नुसता लांब, बारीक देठ. दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल संध्याकाळकडे उमलते. दुधीच्या फुलावर रात्री पतंग येतात. काकडी आणि कारली सकाळी उमलतात, त्यांच्यावर मधमाश्या काम करतात. घराच्या गच्चीवर पतंग फिरकला नाही, तर दिवेलागणीच्या वेळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा परागकोश मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. परागीभवन झाले नाही, तर तो इवला दुधी काही दिवसांत पिवळा पडून गळतो.

म्हणजे पेरायचे थंडी सरता सरता आणि बियाला ऊब मात्र द्यायची. यावरचा जुना उपाय आजही तितकाच चोख आहे. भेंडी, दुधी, कारल्याचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे, ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधावी आणि चुलीच्या जवळ किंवा कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगात ठेवावी. कारल्याचे कवच फार टणक, त्याला जास्त दिवस लागतात. मोड डोकावला की बी मातीत जाते. याच पुरचुंडीत बियाण्याची परीक्षाही होते : वीस बिया बांधल्या आणि दहाच मोडावल्या, तर एका जागी दोन-तीन बिया टोकाव्यात.

दुधी-काकडीचे बी मातीत आडवे ठेवावे, त्यालाही कारण आहे. मूळ बाहेर पडून खाली वळते तेव्हा मूळ आणि खोडाच्या सांध्यावर, खालच्या अंगाला, मांसल खुंटी उगवते. ती खुंटी कवचाची खालची कड दाबून धरते आणि खोडाची कमान दोन्ही दले कवचातून ओढून काढते. चार्ल्स डार्विनने वनस्पतींच्या हालचालींवरच्या १८८० सालच्या ग्रंथात या खुंटीचे वर्णन केले आहे. बी उभे पडले किंवा वरची माती वाळली, तर ही पकड साधत नाही आणि रोप डोक्यावर कवचाची टोपी घेऊनच वर येते. अशी टोपी कोरडी असताना ओढू नये, दले फाटतात. पाण्याचा थेंब सोडून ती मऊ होऊ द्यावी.

जिल्ह्यातली काळी माती शेतात कापूस पिकवते, पण कुंडीत ती त्रास देते. बेसॉल्ट खडक झिजून बनलेल्या या मातीतील चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना आक्रसतात. कुंडीतला गोळा आक्रसून कडेपासून सुटतो, त्या फटीतून पाणी थेट तळाच्या भोकातून वाहून जाते आणि मुळे कोरडीच राहतात. म्हणून रोपांसाठी काळी माती, चाळलेले कुजके शेणखत आणि वाळू सारख्या प्रमाणात मिसळावी. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावे. वेलवर्गाच्या मुळांना धक्का सोसत नाही, त्यामुळे ते बी जागेवरच लावावे किंवा तळाला भोके पाडलेल्या दुधाच्या पिशवीत वाढवून मातीच्या गोळ्यासकट हलवावे. वांगी, मिरची यांचे तसे नाही. त्यांची रोपे उपटून लावली तरी नवी मुळे फुटतात. या रोपांचा शत्रू वेगळा आहे. दाट पेरले आणि माती सतत चिखल ठेवली, तर बुरशी जमिनीलगत खोड कुजवते आणि सकाळी रोपे आडवी पडलेली दिसतात. विरळ पेरणी, वाऱ्याची जागा आणि बियांना ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळणे, एवढ्याने बहुतेक रोपे वाचतात.

प्रत्येक भाजी या उन्हात घ्यावीच असे नाही. टोमॅटो, म्हणजे वऱ्हाडी बोलीतले भेदरं, रात्री गार असल्या तरच नीट फळ धरते. ते पावसाळ्यानंतरच बरे. सांबार, म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात नीट पानावर येण्याआधीच फुलोऱ्यावर जाते. तिच्या जागी तांदुळजा किंवा लाल माठ लावावा. मक्याप्रमाणेच माठाची पाने कर्ब वायू आधी एका खास वाटेने साठवतात आणि मग वापरतात, त्यामुळे कडक उन्हातही त्यांचे काम मंदावत नाही. गवार, बरबटी (चवळी) आणि ढेमसं हीही उन्हाला जुमानत नाहीत. भेंडीत परभणी क्रांती आणि अर्का अनामिका हे वाण शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूला तोंड देण्यासाठी तयार केलेले आहेत.

फुलांमध्ये झिनिया, गलांडा, सदाफुली आणि सूर्यफूल फेब्रुवारीत पेरावे. गुढीपाडव्याच्या तोरणाला घरचा झेंडू हवा असेल, तर बी जानेवारीतच पडायला हवे, कारण त्याला फुलायला सुमारे दोन महिने लागतात. ‘ऑफिस टाइम’ म्हणून ओळखले जाणारे पोर्टुलाका मात्र थेट मेमध्येही हसते. ते रानात आपोआप उगवणाऱ्या घोळ भाजीचे सख्खे भावंड. पाणी तुटले की ही झाडे पानांची रंध्रे दिवसा मिटून रात्री उघडू लागतात आणि ओल राखतात. पोर्टुलाकाचे धुळीसारखे बारीक बी मातीने झाकू नये, वरच भुरभुरावे. त्याला उगवायला उजेड लागतो.

पाण्याची ओढ तर दरवर्षीचीच. यवतमाळ शहराची तहान भागवणारे निळोणा आणि चापडोह हे प्रकल्प कोरड्या सालात तळ गाठतात. अशा वेळी तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी बागेला पुरवून घालावे. साबणाचे पाणी टाळावे. त्यातला सोडियम काळी माती आणखी चिकट करतो. वेलाजवळ तळाला बारीक भोक पाडलेले मडके गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले, तर ओल थेट मुळाशी झिरपते. आळ्यात चार बोटे कुटार अंथरावे आणि मांडवाला पऱ्हाटी-तुराट्या वापराव्यात. या जिल्ह्यात त्यांना तोटा नाही. ओढ बसलेल्या वेलाची काकडी किंवा दुधी कधी कधी कडू निघतो. दुधीचा हा कडवटपणा विषारी असतो. चव कडू लागताच तो फेकून द्यावा, त्याचा रस मुळीच पिऊ नये.

एप्रिलअखेर वेल थकू लागतात. तेव्हा सुधारित वाणाच्या निरोगी वेलावरचा एक दुधी न तोडता तसाच ठेवावा. साल लाकडासारखी टणक झाली आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या, की तो उतरवून सावलीत टांगावा. संकरित वाणाचे बी धरू नये, त्याची पुढची पिढी सारखी निघत नाही.