खाणीचे वाटेकरी : गुरुग्रामच्या टेकड्यांची हकीकत

दिल्लीच्या दक्षिणेस, गुरुग्राम आणि फरीदाबाद या दोन शहरांच्या मध्ये, बुटक्या व खडकाळ टेकड्यांची एक रांग पसरलेली आहे. ती अरवली पर्वताची उत्तरेकडील शेपटी होय. सह्याद्रीचे कडे पाहिलेल्या मराठी वाचकास या टेकड्यांना पर्वत म्हणणे जड जाईल. परंतु वयाचा विचार केला तर सह्याद्रीचा काळा पाषाण यांच्यापुढे अगदी कालचा ठरतो. दख्खनचा लाव्हारस सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजला. अरवलीतील हा खडक शंभर कोटी वर्षांहूनही जुना आहे. प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू भूगर्भातील दाबाने व उष्णतेने घट्ट झाली आणि तिचा क्वॉर्ट्‌झाइट नावाचा अतिशय कठीण दगड बनला. त्याची खडी उत्तम होते. जेथे तो ऊनपावसाने भुसभुशीत झाला आहे, तेथे त्याची जाड तांबूस वाळू मिळते. दिल्लीचे गवंडी तिला बदरपूर वाळू म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजधानी वाढू लागली आणि तिच्या इमारतींना व रस्त्यांना लागणारा दगड तिच्या दाराशीच उभा होता.

या दगडाचा दुसरा एक गुण मात्र बाजारात विकला जात नाही. त्याला असंख्य भेगा आहेत. पावसाचे पाणी या भेगांतून आत शिरते आणि हळूहळू खालच्या साठ्यास जाऊन मिळते. आसपासचा प्रदेश कोरडा, वर्षाचा पाऊस बहुतेक दोन-तीन महिन्यांतच पडणारा. तेव्हा विहिरीत पाणी राहायचे तर टेकडीने ते प्यायले पाहिजे. टेकडी सुरुंगाने फोडून खाली खाली जात राहिले म्हणजे काय होते, हे गुरुग्राम-फरीदाबादच्या डोंगरांत अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की खड्ड्यात निळेशार पाणी साचते. पाहणाऱ्यास ते सरोवर वाटते. वास्तविक ते उघडे पडलेले भूजल असते, आणि खोदकाम पुढे चालू ठेवण्यासाठी ते उपसून फेकावे लागते.

आता प्रश्न असा की, खाणीचे वाटेकरी कोण? वाटेकरी म्हणजे केवळ नफ्यात हिस्सा असणारा नव्हे. खाण चालल्याने अथवा थांबल्याने ज्याचे बरेवाईट होते तो प्रत्येक जण. गुरुग्रामच्या टेकड्यांच्या बाबतीत कित्येक वर्षे या प्रश्नाचे उत्तर दोन नावांत संपत असे : पट्टा देणारे सरकार आणि पट्टा घेणारा ठेकेदार. १९५७ च्या खाण व खनिज कायद्याने बांधकामाचा दगड व साधी वाळू यांना ‘गौण खनिजे’ ठरवून त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे सोपविला. खनिज गौण असले तरी खड्डा गौण नसतो, ही गोष्ट मात्र पुष्कळ काळ कोणी ध्यानात घेतली नाही. लिलावात सर्वांत मोठी बोली बोलणाऱ्यास काही थोड्या वर्षांचा पट्टा मिळे. मुदतीत होईल तेवढा दगड काढणे हाच त्याचा हिशोब असे. मुदतीनंतर त्या टेकडीचे काय होईल हे पाहण्याची जबाबदारी कोणाच्याच अंगावर नसे. टेकड्यांची पुष्कळ जमीन मूळची गावांच्या सामाईक मालकीची, म्हणजे ‘शामलात’. तीवर गुरे चरत आणि सरपण मिळे. तरीही खाणीच्या निर्णयात गावाचा शब्द वजनदार नसे. आणि जो दगड फोडी, त्याचा शब्द तर मुळीच नसे.

त्या मजुराचे म्हणणे देशापुढे आले ते एका पत्रातून. फरीदाबाद जिल्हा १९७९ मध्ये गुडगाव जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला होता. गुरुग्रामचे तेव्हाचे नाव गुडगाव होते, ते २०१६ मध्ये बदलले. या नव्या जिल्ह्यातील दगडखाणींची पाहणी करून ‘बंधुआ मुक्ती मोर्चा’ या संघटनेने २५ फेब्रुवारी १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून स्वीकारले, दोन वकिलांना आयुक्त नेमून खाणींवर पाठविले आणि सामाजिक व कायदेविषयक तपासाचे काम भारतीय तंत्रविद्या संस्थेतील डॉ. पटवर्धन यांच्याकडे दिले. आयुक्तांना आढळलेले चित्र विदारक होते. सभोवार दगडाची भुकटी उडत होती. पिण्यास शुद्ध पाणी नव्हते. राहण्यास एकावर एक दगड रचून वर गवत टाकलेल्या, माणसाला धड उभेही राहता येणार नाही अशा झोपड्या होत्या. परराज्यांतून आलेल्या कित्येक मजुरांना खाण सोडून जाण्याची मुभा नव्हती.

भुकटीविषयी येथे थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ती केवळ गैरसोय नव्हती. क्वॉर्ट्‌झाइट हा जवळजवळ निव्वळ सिलिकाचा दगड आहे. तो फोडताना उडणारे मोठे कण नाकात व घशात अडकतात आणि खोकल्यावाटे बाहेर पडतात. परंतु मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही लहान असलेले कण फुफ्फुसातील सूक्ष्म वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शरीरातील रक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या स्वतः मरतात आणि त्या जागी कठीण व्रण तयार होतो. असे व्रण वाढत गेले म्हणजे फुफ्फुसाची लवचिकता जाते आणि माणसास धाप लागते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. खाण सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि झालेली हानी भरून काढणारे औषध नाही. दगड फोडताना पाणी शिंपडणे, धूळ यंत्राने ओढून घेणे, योग्य मुखपट्टी देणे हे उपाय मात्र साधे आहेत. खाणीच्या नेतृत्वाची परीक्षा अशाच ठिकाणी होते, कारण या उपायांचा खर्च आज होतो आणि त्यांचा लाभ ज्याला होतो त्याचे नाव ठेकेदाराच्या वहीत कदाचित नोंदलेलेही नसते.

१६ डिसेंबर १९८३ च्या निकालात न्यायालयाने दगडखाण ही १९५२ च्या खाण कायद्याप्रमाणे ‘खाण’च आहे असे सांगितले आणि वेठबिगारांचा शोध, पाणी, धूळ, औषधोपचार यांविषयी एकवीस आदेश दिले. मजूर हा खाणीचा वाटेकरी आहे, हे अशा रीतीने कायद्याच्या भाषेत लिहिले गेले.

पुढचे वाटेकरीही एकामागून एक न्यायालयाच्याच दारातून आत आले. १९९२ मध्ये दिल्ली व फरीदाबाद परिसरातील खडी फोडणारी यंत्रे बंद करून त्यांना हरियाणातील पाली गावी निराळी जागा देण्याचा हुकूम झाला. येथे वाटेकरी होता हवा घेणारा नागरिक. १९९६ मध्ये बडखल व सूरजकुंड या तलावांचा प्रश्न आला. न्यायालयाने नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडून पाहणी करविली आणि या स्थळांपासून दोन किलोमीटरच्या आत खाणकामास मनाई केली. तरीही बडखलचा तलाव पुढे आटलाच. मे २००२ मध्ये दिल्ली-हरियाणा सीमेपासून पाच किलोमीटरच्या पट्ट्यातील टेकड्यांवर खाणकाम आणि त्याबरोबरच भूजलाचा उपसा थांबविण्यास सांगण्यात आले. शेवटी ८ मे २००९ रोजी फरीदाबाद, गुडगाव व मेवात यांतील सुमारे ४४८ चौरस किलोमीटर अरवली क्षेत्रात, खणलेल्या भूमीच्या पुनर्वसनाची योजना तयार होईपर्यंत, सर्व खाणकाम स्थगित झाले.

बंदीने टेकडी वाचते. पण बंदी ही व्यवस्था नव्हे. ज्याने चुका केल्या तो ठेकेदार दुसरीकडे जातो, आणि ज्याचे हातावर पोट तो मजूर सर्वांत आधी उपाशी राहतो. गोव्याच्या वाचकांस हे निराळे सांगावयास नको. तेथे २०१२ मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्टे रद्द झाले, तेव्हा ट्रकवाले, बार्जवाले व कामगार यांचे संसार एकाएकी अडले. खाण चालू असताना धूळ ज्याच्या वाट्याला, खाण बंद झाल्यावर बेकारीही त्याच्याच वाट्याला, असा हा विचित्र वाटा आहे. सुरुवातीसच सर्वांना एकत्र बसविले असते तर इतका टोकाचा उपाय करावा लागला असता काय, असे विचारावेसे वाटते.

नियमांत सुधारणा झाली तीही हरियाणातील एका प्रकरणामुळेच. २०११ मध्ये त्या राज्याने गौण खनिजांच्या लिलावाच्या जाहिराती काढल्या. पाच हेक्टरांहून लहान पट्ट्यांना तोवर पर्यावरणविषयक मंजुरी लागत नसे, म्हणून मोठे क्षेत्र तुकड्यांत वाटण्याची पळवाट मोकळी होती. ‘दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ या खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी न्यायालयाने लहान पट्ट्यांनाही अशी मंजुरी आवश्यक ठरविली.

खणून टाकलेल्या भूमीचे काय करता येते, याचा एक नमुना गुरुग्राम शहरातच आहे. शहराच्या कडेस सुमारे ३८० एकरांची उजाड जुनी खाण पडून होती. २०१० पासून नागरिकांच्या एका संस्थेने महानगरपालिकेशी हातमिळवणी करून तेथे अरवलीचे मूळ जंगल पुन्हा उभारण्याचे काम हाती घेतले. शाळांतील मुले, उद्योगसंस्थांचे कर्मचारी व वनस्पतींचे जाणकार हातभार लावण्यास आले. कोणतेही झाड कोठेही लावले असे झाले नाही. परदेशी वेड्या बाभळीने जागा व्यापली होती, ती हटवून आपल्या धावड्याचा भाऊबंद असलेला धौ, सालई, कांडोळ, पळस अशा स्थानिक जातींची रोपे बियांपासून रोपवाटिकेत वाढविण्यात आली. २०२२ मध्ये या अरवली जैवविविधता उद्यानाची, अभयारण्य अथवा राष्ट्रीय उद्यान नसूनही जीवसृष्टी राखणारे क्षेत्र म्हणून, देशात पहिली नोंद झाली.

याहूनही बोलका नमुना थोड्या अंतरावर आहे. मांगर, बंधवाडी व बलियावास या गुज्जर गावांच्या मध्ये मांगर बनी नावाची देवराई आहे. गुदडिया दास बाबांच्या या वनातील फांदीही तोडावयाची नाही, असा तेथील गावकऱ्यांचा परंपरागत दंडक. आपल्याकडे कोकणात व मावळात देवरायांना जे नियम असतात तेच हे. भोवतालच्या टेकड्या फुटत असता हे धौचे रान दाट राहिले. २०१६ मध्ये हरियाणा सरकारने ६७७ एकरांची बनी व तिच्याभोवतीचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्याचे ठरविले. कुंपण नसताना रान राखणाऱ्या या गावांना खाणपट्टा देतेवेळी सल्ला विचारण्याची रीत असती, तर पुष्कळ भूवैज्ञानिक माहितीही फुकट मिळाली असती. कोणत्या घळीत पाणी मुरते हे गुराख्यास ठाऊक असते.

चोरटे खाणकाम अद्याप पुरते थांबलेले नाही. राजस्थानातील अरवलीच्या पाहणीत १२८ पैकी ३१ टेकड्या नाहीशा झाल्याचे २०१८ मध्ये न्यायालयापुढे आले, तेव्हा लोक हनुमान झाले काय, असा प्रश्न न्यायमूर्तींनी केला. जुलै २०२२ मध्ये गुरुग्रामशेजारच्या नूह जिल्ह्यात पचगाव येथे दगडाचा ट्रक अडविताना एका पोलीस उपअधीक्षकास प्राण गमवावा लागला.

आणि अगदी अलीकडे वाद पेटला तो व्याख्येवरून. सभोवतालच्या भूमीपासून शंभर मीटर वा अधिक उंच तोच अरवलीचा डोंगर, अशी व्याख्या न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मान्य केली. गुरुग्रामच्या बाजूच्या अनेक टेकड्या तेवढ्या उंच नाहीत. पाणी मुरविण्याचे काम मात्र त्या उंच डोंगरांप्रमाणेच करतात. गुरुग्रामपासून राजस्थानपर्यंत लोकांनी निदर्शने केली. २९ डिसेंबर २०२५ रोजी न्यायालयाने आपलाच तो निर्णय स्थगित केला आणि या प्रश्नाचा तज्ज्ञांकडून नव्याने विचार करविण्याचे योजिले.