श्रवणयंत्राची पारख

गेवराईसारख्या कापसाच्या बाजारपेठेत व्यवहार अजूनही कानावर चालतो. उतारवयात बहुधा प्रथम मंदावतात ते उंच स्वर. त्यामुळे स, त, ठ ही व्यंजने पुसट होतात आणि गल्ल्यावर बसलेल्या ज्येष्ठांना ‘सात’ व ‘साठ’ यांतला भेद उमगेनासा होतो. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. जेथे ध्वनिवर्धकाविना व्याख्यान होते तेथे मागे बसलेला वृद्ध श्रावक जिनवाणीला मुकतो आणि संकोचापायी कोणाला सांगतही नाही.

प्रथम कान तपासून घ्यावेत. मळ काढल्यावर काहींना यंत्राची गरजच उरत नाही. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासणीचा आलेख हाती आल्यावर त्यानुसार जुळवता येईल असेच यंत्र घ्यावे. घरपोच मिळणारी अनेक स्वस्त उपकरणे नुसता आवाज वाढवतात. माणसाचे बोलणे आणि ट्रकचा हॉर्न त्यांना सारखाच.

तरीही स्वस्त म्हणजे टाकाऊ नव्हे. 2020 मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक येथील साद भामला व सहकाऱ्यांनी एका डॉलरहून कमी किमतीच्या सुट्या भागांतून, वार्धक्यातील बहिरेपणासाठी गळ्यात अडकवायचे यंत्र जुळवून दाखवले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांवर ते तपासले. गळ्यातले वा खिशातले यंत्र दिसायला ओबडधोबड. पण सांधे धरलेल्या बोटांना त्याचीच बटणे सोपी. कानामागच्या यंत्राचा इवलासा सेल गावात मिळतो का, दुरुस्ती कोठे होते, हे किमतीआधी विचारावे. श्रवणयंत्रावर वस्तू व सेवा कर नाही. बिलात तो लावला असल्यास व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटू नये.

पेढीवरील मुनीम, हमाल यांचेही कान थकतात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना साहाय्यक साधनांसाठी 3000 रुपये मिळण्याची तरतूद आहे. अर्ज भरून देण्याचे काम पेढीचा मालक सहज करू शकतो.

सामायिकात यंत्र लावावे का, याची उत्तरे परंपरेपरत्वे भिन्न. ते आपल्या गुरुभगवंतांनाच विचारावे.

पहिले काही दिवस भांड्यांचा, पंख्याचा आवाज बोचतो. शांत घरात तास-दोन तास लावून सवय करावी, मगच यंत्र दुकानी न्यावे. बहुतेक यंत्रे कपाटात जातात ती याच दिवसांत.